तांबड्या दारूच्या वासाची वही

कलगोंडामामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, सदलग्याचे. नदीकाठची घरची शेती धाकट्या भावांवर सोडून ते ऐन विशीत निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला लागले आणि तिथलेच झाले. काम एकच, वास घ्यायचं. शेतकऱ्यानं पोतं सोडलं की मामा कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठभर पानं काढायचे, तळव्यावर चुरगाळायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "ही काळ्या रानातली. ही माळावरची. हिच्यावर वजन वाढवायला पाणी मारलंय, आठ दिसांत बुरशी धरंल." शेतकरी आधी भांडायचे, मग गप्प बसायचे. चिकोडीकडचे कानडी शेतकरी त्यांना 'मूगिन गौडा' म्हणायचे, म्हणजे नाकाचा गौडा.

एवढं आयुष्य तंबाखूत घालवूनही त्यांनी कधी चिमूट तोंडात टाकली नाही. जैनाघरचं वळण कडक होतं. जेवण दिवस मावळायच्या आत, पाणी गाळल्याशिवाय नाही, कांदा-बटाटा घरात नाही. खोकल्यावर वैद्यानं मधाचं चाटण दिलं तर मध वर्ज्य म्हणून तेसुद्धा परत केलं होतं. दारूची तर गोष्टच सोडा.

अशा माणसानं दारूवर वही लिहिली. आमच्या घरात हे बरीच वर्षं कुणी मोठ्यानं बोलत नसे. मामांच्या काळजाला जे लागलं ते मात्र दारूमुळं नव्हे. आईनं, म्हणजे धोंडूबाईनं, मला सगळं सांगितलं ते मामा गेल्यानंतर.

एकोणीसशे सत्तावीसच्या फाल्गुनात मुंबईच्या एका तंबाखू कंपनीचा गोरा साहेब निपाणीला आला. ब्रॅडली त्याचं नाव. इथलं पान पाइपात चालेल का, ते त्याला बघायचं होतं. गावाबाहेरच्या मुसाफरी बंगल्यात तो उतरला. त्याच्याशी बोलायला वखारीत इंग्रजी येणारा एकच माणूस होता, वर्धमान. वर्धमान हा पद्मावतीमामीचा धाकटा भाऊ. बेळगावात राहून मॅट्रिक झालेला, अक्षर मोत्यासारखं. त्याला वखारीत कारकून म्हणून लावला तो मामांनीच. स्वतःचं बिऱ्हाड थाटेपर्यंत सहा वर्षं तो मामांच्याच घरी जेवला.

साहेबानं सात ठिकाणची पानं मांडून मामांच्या डोळ्यांवर रुमाल बांधायला लावला. मामांनी सातही गावं बरोबर सांगितली. मग साहेब जेवायला बसला. त्यानं हसत स्वतःचा पेला मामांपुढं सरकवला.

वर्धमान म्हणाला, "साहेब म्हणत्यात, ह्याचा वास कसा हाय ते सांगा."

"दारू हाय व्हय ती?"

"द्राक्षाची तांबडी दारू. प्यायची न्हाय दाजी, नुसतं हुंगायचं."

मामांनी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले, पेल्याला बोटसुद्धा लागू नये म्हणून. मग टेबलावर वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. साहेबाचं जेवण थांबलं.

"जांभळं," मामा म्हणाले. "पिकून खाली पडल्याली, मुंग्या लागल्याली. त्याच्यामागं नव्या पायताणाचं कातडं. आणि पेन्सिल तासल्यावर लाकडाचा येतो न्हवं, त्यो वास."

वर्धमाननं इंग्रजीत सांगितलं तसा साहेब उठून उभाच राहिला. आतून दुसरी बाटली आणली, दुसरा पेला भरला. मामा पुन्हा वाकले आणि म्हणाले, "ही त्याचीच भण हाय. पर हिच्या साली पाऊस जास्त झालाय, रस पातळ हाय." साहेबानं बाटलीवरची चिठ्ठी वाचली आणि टेबलावर हात आपटला. मळा तोच होता, साल वेगळं होतं आणि त्या साली पावसानं नासधूस झाली होती.

पुढं मामा सदलग्याला आले तेव्हा आईला म्हणाले, "धोंडू, वीस वर्षं एकाच झाडाचा वास घेतला गं. त्या पेल्यात एवढं काय काय व्हतं की मला नावं पुरंनात."

साहेब मग दर हंगामाला येऊ लागला. फाल्गुन-चैत्र असे दोन महिने राहायचा. बेळगावच्या कॅम्पातून तांबड्या दारूची पेटी आणवायचा आणि रविवारी दुपारी मामांना बोलावणं पाठवायचा. चार सालं हा क्रम चालला. मामांनी शाळेची असते तशी वही घेतली आणि घरी आल्यावर बोरूनं लिहायला बसू लागले. ती कुणाला दाखवायची नव्हती; अशी वही आहे हे फक्त घरात आणि वर्धमानला ठाऊक. दारूंची फ्रेंच नावं त्यांना वाचता येत नसत, म्हणून बाटलीवरच्या चित्रावरून नावं पाडलेली. आईला त्यांनी ती वही कितीदा तरी वाचून दाखवली होती. तिला त्यातलं निम्मं पाठ होतं.

"घराच्या चित्राची. आधी कोकमाची साल. मग काहिलीच्या कडेला करपलेला गूळ. पेला अर्धा तास तसाच ठेवला तर करपट वास गेला. हिला घाई चालत नाही."

"लाल लाखेच्या तोंडाची. साहेबाची लाडकी. मला आवडली नाही. चार दिवस पावसात न वाळलेल्या धोतराचा वास. तसं सांगितलं. साहेब हसला, पण पुढच्या रविवारी ती बाटली काढली नाही."

"गोड, घट्ट, काळपट. साहेब पोर्ट म्हणतो. आमच्या पायगोंडाशेटसारखी. गोड बोलून जवळ बसवून घेते, उठताना डोकं जड."

पायगोंडाशेट हे वखारीचे धनी. बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन देवळाच्या, पंचांतही तेच मोठे.

"दोन सिंहांची. ही पद्मावतीसारखी. पहिल्या दिवशी काहीच बोलत नाही. उघडून ठेवली की दुसऱ्या दिवशी बोलायला लागते आणि मग बाकीच्यांचं ऐकावंसं वाटत नाही."

हे ऐकून आई हसली होती. पण मामांच्या मनात एक खुटखुट कायम असायची. त्यांनी तिला विचारलं होतं, "वास घेणं पाप हाय का गं?"

"शेजारच्या घरात पुरणपोळी झाली तर वास येतोच की," आई म्हणाली. "त्यानं काय पोट भरतं?"

"न्हाय. पर येणारा वास येगळा आणि वाकून घेतल्याला येगळा."



वर्धमान मात्र वासावर थांबला नव्हता. साहेबाचं झालं की पेल्यांतलं उरलंसुरलं तो मागच्या पडवीत नेऊन पिऊन टाकायचा. पहिल्या वर्षी चोरून, तिसऱ्या वर्षी बाटलीला तोंड लावून. वर लवंग चघळायचा. मामांना न कळायला काय झालं? एकदा बैलगाडीतून परत येताना ते त्याला म्हणाले, "वर्धमान, लवंगेच्या मागं काय हाय ते मला कळतंय. बाकीच्यांस्नी कळायच्या आत सोड."

वर्धमाननं त्यांचे पाय धरले. "आक्काला सांगू नकासा दाजी."

मामांनी सांगितलं नाही. कुणालाच नाही, आईलाही कळलं ते फार पुढं. वहीतही नाही. तिथं फक्त दारूबद्दल लिहायचं असं त्यांनी ठरवलं होतं.

चौथं साल म्हणजे एकोणीसशे तीस. मिठाच्या सत्याग्रहाचं वर्ष. निपाणीतली तरुण पोरं ताडीच्या दुकानांपुढं आडवी पडत होती. दारूचं नाव काढलं तरी लोक अंगावर यायचे. ब्रॅडली साहेब कायमचा विलायतेला निघाला होता. जायच्या आधीच्या रविवारी त्यानं एक जुनी बाटली उघडली, धुळीनं माखलेली, चिठ्ठीवरची अक्षरं पुसून गेलेली. वर्धमान गाडी सांगायला बाहेर गेला होता आणि साहेब आत सामान बांधत होता. पेल्यापुढं मामा एकटेच होते. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी जे लिहिलं ते असं:

"आज करंगळी बुडवून जिभेला लावली. एक थेंब. कुणी आग्रह केला नाही. नाकाला कळतं ते खरं का खोटं, एवढं बघायचं होतं. कच्च्या जांभळानं ओढते तशी जीभ ओढली. नाकाला कळलं होतं त्याहून जास्त काही मिळालं नाही. चूक झाली. पुन्हा नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपास केला. मामीनं कारण विचारलं तर नुसतं "आज जेवायचं न्हाय" म्हणाले. वही पेटीत तळाशी ठेवली. साहेब गेला होता, तिचं कामही संपलं होतं.

वर्धमानचं मात्र संपलं नव्हतं. वखारीच्या कामानं तो बेळगावला गेला की खडेबाजारात मुक्काम करायचा आणि कॅम्पातल्या दुकानातून बाटली आणायचा. त्याच दिवाळीत त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न चिकोडीच्या एका नावाजलेल्या घरात ठरत आलं. मुलाच्या चुलत्यानं वर्धमानला खडेबाजारात झोकांड्या खाताना पाहिलं होतं. चिकोडीहून निरोप आला, की तुमच्याबद्दल आम्ही काहीबाही ऐकलंय, तुमच्या बस्तीच्या पंचांकडून खुलासा आल्याशिवाय पुढचं बोलणं नाही.

निरोप आल्याच्या दुसऱ्या दिवशी मामा वखारीत असताना वर्धमान त्यांच्या घरी आला.

"आक्का, दाजींची दारूच्या वासाची वही कुठं हाय गं? साहेबाचं पत्र आलंय. इंग्रजी करून धाडायची हाय."

मामीला वाचता येत नव्हतं. पाठच्या भावावर अविश्वास धरायचं काही कारणही नव्हतं. तिनं पेटी उघडून वही काढून दिली, वर चहा करून पाजला.

संध्याकाळी तिनं मामांना सांगितलं. मामांना उलट बरंच वाटलं. साहेबानं आठवण काढली म्हणून.

पुढच्याच रविवारी पूजेनंतर बस्तीच्या मंडपात सगळे थांबले. पुरुष एकीकडं, बायका एकीकडं. पायगोंडाशेट मधे बसले होते. मामांना वाटलं, वर्धमानच्या खुलाशाचं काम असेल. त्याच्या बाजूनं चार शब्द बोलायचे, असं ठरवून ते आले होते. घरून निघताना मामीला तसं म्हणालेही होते.

शेट म्हणाले, "वर्धमान, साहेबाच्या बंगल्यात दारू चालायची. तू तिथं जात व्हतास. खरं का खोटं?"

वर्धमान उभा राहिला. "गेलतो. शेटजी, मी नुसता दुभाष्या. पेला कुणापुढं असायचा ते ह्यात लिवलंय." आणि त्यानं उपरण्याखालून वही काढली. "दाजींच्या हातचं हाय. मी लई सांगितलं त्यांस्नी, माझं आईकलं न्हाय."

मामांना आधी कळलंच नाही. ते वहीकडं बघत राहिले.  आई दिवाळीला निपाणीत मामांकडं आलेली, ती बायकांत बसली होती, मामीच्या मांडीला मांडी लावून.

एका पंचानं वही मोठ्यानं वाचायला घेतली. जांभळं, कातडं, गूळ असं येत गेलं तसे लोक एकमेकांकडं बघायला लागले. धोतराच्या वासावर दोघं-तिघं हसले. वाचणारा पोर्टवर आला आणि पायगोंडाशेटचं नाव वाचून अडखळला.

"वाचा की," शेट म्हणाले.

त्यानं वाचलं. मंडपात कुणी हसलं नाही. शेटांचा चेहरा तांबडा झाला. मग दोन सिंहांची आली आणि बस्तीत, देवापुढं, दारूच्या बाटलीबरोबर मामीचं नाव घेतलं गेलं. मामीनं पदर तोंडावर ओढला. शेवटी करंगळीची नोंद.

"हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"चाखली?"

"व्हय. एक थेंब, एकदा. तिथंच लिवलंय."

"आणि बाकीच्या चार साली?"

"चाखली असती तर तसं लिवलं असतं."

कुणाचाच विश्वास बसला नाही. एवढं रसभरीत लिहिणारा माणूस नुसतं हुंगून उठला, हे कुणाच्या डोक्यात शिरेना. शेटांनी विचारलं, "तुमच्यासंगट दुसरं कोण पीत व्हतं? नाव सांगा."

मामांनी वर्धमानकडं बघितलं.  वर्धमान खाली फरशीकडं बघत होता. त्याची मुलगी बायकांत बसली होती, सोळा वर्षांची, अंगाला हळद लागायची वाट बघणारी.

"मला दुसऱ्याचं कायबी सांगायचं न्हाय," मामा म्हणाले आणि खाली बसले.

पाच उपास आणि एक अभिषेक असं प्रायश्चित्त ठरलं. ते मामांनी बिनतक्रार केलं. वही शेटांनी बंबाच्या जाळात टाकायला लावली. एका थेंबाची चूक समाजानं पदरात घेतली असती, पण पोर्टची ओळ शेटांच्या मनातून जाईना. पंधरा दिवसांनी त्यांनी वखारीत निरोप ठेवला, की दारूनं बाटलेल्या नाकाचा भरवसा नाही, नवा माणूस बघितलाय. तेवीस वर्षांच्या कामाचा शेवट एका निरोपात झाला. मामा-मामी सामान बैलगाडीत घालून सदलग्याला परत आले.

वर्धमानच्या मुलीचं लग्न माघात थाटात झालं. मामा-मामींना अक्षत आली नाही. व्याह्यांना चालायचं नाही, असं कळलं.

मामी आठ दिवस मामांशी बोलली नव्हती. नवव्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "पहिल्या दिशी मी बोलत न्हवते कारण मी भ्याले व्हते. तुमाला काय ठावं, चौदा वर्षांची व्हते मी."

"मग तसं लिवायला पायजे व्हतं," मामा म्हणाले.

"वही मीच दिली. माझ्या हातानं."

"तू भावाला दिलीस," मामा म्हणाले. "त्यात तुझं काय चुकलं?"

सदलग्यात त्यांनी ऊस लावला. तंबाखू पुन्हा लावली नाही. कुणी मूठ पुढं करून विचारलं तर म्हणायचे, "आता न्हाय कळत." ते खोटं होतं की खरं, आईला कधी कळलं नाही. पण मामांनी बोललेलं ते एकच खोटं असावं, असं ती म्हणायची.

आमच्यात दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांपुढं हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणतात, वर्षभरातलं काही मनात ठेवायचं नसतं. पहिल्याच वर्षी वर्धमान सदलग्याला आला. मामा पहाटेच मळ्यात निघून गेले होते. तो दुपारपर्यंत बसला. मामीनं भावाला हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हटलं, पण पाण्याचा तांब्या पुढं केला नाही. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. मधे काही वर्षं तो आला नाही. तोवर निपाणीत त्याचं नाव वाढलं होतं. दारू सुटली होती म्हणे. बस्तीत तो पंच झाला, पर्वात शास्त्र वाचायला बसू लागला, आणि त्याचा आवाज चांगला म्हणून लोक लांबून ऐकायला यायचे.

सेहेचाळीस साली क्षमावाणीला तो पुन्हा आला. केस पांढरे झालेले, हातात काठी. मामा एकसष्टीचे होते, गुडघ्यानं हैराण, मळ्यात जाणं होत नव्हतं. ते सोप्यात बसलेले त्याला सापडले. मी तेव्हा कोल्हापुरात शिकायला होतो, पण आई तिथंच होती.

वर्धमाननं काठी भिंतीला लावली आणि हात जोडले. "उत्तम क्षमा, दाजी."

मामा गुडघा चोळत राहिले.

"पोरीचं लगीन व्हतं. मोडलं असतं."

"ठाऊक हाय."

"मी काय करणार व्हतो?"

"माझ्याकडं यायचं," मामा म्हणाले. "आदल्या दिशी यायचं आणि म्हणायचं, दाजी, पोरीसाठी तेवढं अंगावर घ्या. मी घेतलं असतं. मंडपात उभं ऱ्हाऊन आपणहून सांगितलं असतं की पिणारा मी. माझ्या पोटी काय पोर न्हाय, माझं काय मोडणार व्हतं? तू मागितलं न्हाईस रं. तू पेटीतनं काढून नेलंस, तेबी तुझ्या भणीच्या हातनं."

वर्धमान रडायला लागला. तोंडावर उपरणं धरून कितीतरी वेळ रडला. आईला वाटलं, आता मामा उठतील, त्याच्या खांद्यावर हात ठेवतील. मामीनं आतून पाण्याचा तांब्या आणून उंबऱ्याजवळ ठेवला. पहिल्यांदाच.

मामा म्हणाले, "पाणी पी. उन्हातनं आलास."

"आणि क्षमा?"

"तोंडानं म्हणलो असतो. लोक म्हणत्यात तसं. पर मनात न्हाय, ते कसं म्हणू? आत बघतोय सोळा वर्षं. गावत न्हाय."

वर्धमान पाणी पिऊन गेला. तिन्हीसांजेच्या आत मामीनं पान वाढलं तर मामांनी ते परत लावलं. आईनं विचारलं, "का रं अण्णा?"

"उपास हाय."

"आज कसला उपास? पर्व तर संपलं की."

मामीनं हळूच सांगितलं, हे दर साली ह्या दिवशी जेवत न्हाईत. पहिल्या वर्षापासून. देवानं सांगितलेली क्षमा करायला जमत नाही, त्याचं हे प्रायश्चित्त, असं त्यांनी मनाशीच ठरवलं होतं.

पुढच्या साली, स्वातंत्र्याच्या आधी दोन महिने, ज्येष्ठात मामा तापानं गेले. वर्धमान तिसऱ्या दिवशी आला. अंगणात उभा राहिला, आत आला नाही. मामीनं त्याला बोलावलं नाही, जा असंही म्हणाली नाही. थोड्या वेळानं तो नदीच्या वाटेनं, मामांना अग्नी दिला होता तिकडं निघून गेला.